दोन अक्षरांचा इतिहास

माझ्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘हिमोग्लोबिन पॅटर्न’ या शब्दांपुढे दोन अक्षरे छापलेली आहेत : एएस. विदर्भात त्यांचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही. एए म्हणजे नेहमीचे रक्त, एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आणि एएस म्हणजे वाहक. मला स्वतःला काही त्रास नाही. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून मला एक जनुक आले आहे आणि ते माझ्याकडून माझ्या मुलांकडे जाऊ शकते, एवढेच. मराठीत ‘वाहक’ हा शब्द एरवी एसटीच्या कंडक्टरसाठी आहे. बसमध्ये त्याच्या आसनापाशी तो लिहिलेला असतो. तिकिटे फाडणाऱ्या माणसाचे नाव रक्ताला कधी आणि कसे लागले, हे शोधता शोधता मी या चाचण्यांच्या इतिहासात शिरलो.

हा इतिहास सहसा प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो : आधी सूक्ष्मदर्शक, मग विद्युत्प्रवाह, मग डीएनए. ते खरेच आहे. पण वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक नव्या चाचणीबरोबर विचारायचा प्रश्नही बदलत गेला. सुरुवातीला प्रश्न होता, या माणसाला काय झाले आहे? मग झाला, याच्या रक्तात काय आहे? पुढे, याच्या मुलांना काय होईल? आणि शेवटी, हे मूल जन्माला यावे का? पहिला प्रश्न डॉक्टरचा आहे. शेवटचा डॉक्टरचा नाही, आणि तरीही तो दवाखान्यातच विचारला जातो.

पहिला प्रश्न विचारला गेला शिकागोत, १९०४ च्या अखेरीस. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन रुग्णालयात आला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त काचपट्टीवर पाहिले, तेव्हा गोल तांबड्या पेशींत लांबट, नासपतीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हा रुग्ण प्रसिद्ध केला आणि पेशींच्या आकाराला विळ्याची उपमा दिली. आजाराचे नाव त्या उपमेतूनच आले. पुढे आपल्याकडे हा आजार ज्यांच्यात मोठ्या संख्येने सापडला, त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या विळाच होता, हा योगायोग.

हेरिक यांच्या निबंधात नोएलचे नाव नाही. तो केवळ एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आहे. त्याने पदवी घेतली, तो ग्रेनाडाला परतला, तिथे दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने वारला, हे सगळे इतिहासकारांनी शोधून काढले ते १९८९ मध्ये. ज्याच्या रक्तावरून आजाराला नाव मिळाले, त्याचे स्वतःचे नाव वैद्यकाच्या इतिहासात यायला एकोणऐंशी वर्षे लागली.

१९१७ मध्ये व्हिक्टर एमेल यांनी एक साधी युक्ती केली. रक्ताचा थेंब दोन काचांमध्ये बंद करून ठेवला आणि काही तासांनी पाहिला. आत कोंडलेल्या पेशी विळ्याच्या आकाराच्या झाल्या होत्या. त्यांनी हाच प्रयोग रुग्ण स्त्रीच्या वडिलांच्या रक्तावरही केला. वडील धडधाकट होते, पण त्यांच्या पेशीही काचेखाली वाकल्या. पेशी वाकतात त्या प्राणवायू कमी पडल्यामुळे, हे १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले. १९४८ नंतर सोडियम मेटाबायसल्फाइटने प्राणवायू काढून घेण्याची पद्धत आली आणि तासांचे काम मिनिटांवर आले.

पण या चाचणीला आजारी माणूस आणि त्याचा निरोगी बाप यांतला फरक कळत नव्हता. दोघांच्याही पेशी वाकत. अमेरिकेत त्यातून भलताच गोंधळ झाला. हा काळ्या लोकांचा आजार ठरला होता, त्यामुळे एखाद्या गोऱ्या रुग्णात तो सापडला की त्याच्या वंशावळीवरच शंका घेतली जाई. चाचणी रक्ताची होती, संशय कुळाचा होता. आपल्याला यात परके काही वाटू नये.

दुसरा प्रश्न, रक्तात नेमके काय आहे, याचे उत्तर १९४९ मध्ये मिळाले. लायनस पॉलिंग हे रसायनशास्त्रज्ञ. विल्यम कॅसल या डॉक्टरकडून त्यांनी १९४५ मध्ये या आजाराविषयी ऐकले आणि त्यांना वाटले की दोष पेशीत नसावा, पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये असावा. प्रत्यक्ष काम केले हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांनी. इटानो जपानी वंशाचे अमेरिकन होते. १९४२ मध्ये त्यांनी बर्कली विद्यापीठाचे सर्वोच्च पदक मिळवले, त्याच वर्षी युद्धामुळे त्यांना इतर जपानी-अमेरिकनांबरोबर छावणीत डांबण्यात आले. वंशावरून कोंडून ठेवलेल्या या तरुणाने पुढे, ‘वंशाचा’ म्हणून समजल्या जाणाऱ्या आजाराचे मूळ एका रेणूत दाखवून दिले.

त्यांची पद्धत इलेक्ट्रोफोरेसिसची. हिमोग्लोबिनचे द्रावण विद्युत्प्रवाहात ठेवले की रेणू आपापल्या विद्युत्भारानुसार पुढे सरकतात. रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. एमेल यांच्या काचेखाली जे दोघे सारखेच दिसत होते, ते इथे पहिल्यांदा वेगळे झाले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी कुटुंबांच्या तपासणीतून दाखवले की रुग्णाचे आई आणि बाप दोघेही वाहक असतात. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी फरक आणखी बारीक केला : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आहे. बाकी सगळे जसेच्या तसे. इतक्या लहान फरकाने इतके मोठे दुखणे होते, हे माणसाच्या कोणत्याही आजारात त्याआधी असे दिसले नव्हते.

नील यांचा निष्कर्ष मला त्या वर्षातला सगळ्यात मोठा वाटतो. आपल्या गावांत मूल वारंवार आजारी पडले, दगावले, की बोट आईकडे जाते. ती पांढऱ्या पायाची ठरते. आता शास्त्र सांगत होते की असे मूल होण्यासाठी बापाचाही तितकाच वाटा लागतो. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसच्या, एक एएची. आणि दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

भारतात हा आजार नोंदला गेला १९५२ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. हर्मन लेहमान आणि मारी कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासी समूहांत सिकलसेलचे वाहक सापडले. तिकडे वरच्या आसामात डनलॉप आणि मजुमदार यांना चहामळ्यांतल्या मजुरांत हा आजार दिसला. हे मजूर मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासी मुलखांतून मळ्यांवर नेलेल्या लोकांपैकी. घरदार मागे राहिले, रक्त बरोबर गेले. १९५६ मध्ये सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या आदिवासी जमातींवरचा निबंध प्रसिद्ध केला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि नागपूर या नकाशावर आले. त्यानंतरच्या पाहण्यांत विदर्भात हे जनुक गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात, आणि कुणबी, तेली या समाजांतही आढळले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षे हे काम केले.

त्या पहिल्या निबंधांचा ओढा मात्र वेगळा होता. लेहमान यांना या जनुकातून भारतातल्या प्राचीन ‘वेद्दी’ वंशाचा आणि त्याच्या स्थलांतराचा माग काढायचा होता. रक्त घेतले जात होते ते माणसांचे मूळ शोधण्यासाठी. ज्यांनी बोट पुढे केले, त्यांना पुढे काय सांगितले गेले, हा त्या निबंधांचा विषय नव्हता. मुळाचा प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची तुलना करून भारतातला आणि अरबस्तानातला बदल आफ्रिकेपासून स्वतंत्रपणे घडला असे मांडले. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या आधारे दुसऱ्या अभ्यासकांनी एकाच उगमाची बाजू घेतली. एवढे मात्र पक्के आहे की हे जनुक जिथे मलेरिया होता तिथे टिकले. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. तशाच प्रकारचा विचार थॅलसीमियाबाबत जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला होता. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ओडिशा हा सिकलसेलच्या मुलखातला मोठा प्रदेश. म्हणजे ज्याला आपण आज दोष म्हणतो, त्याने कधीकाळी माझ्या कुण्या पूर्वजाला तापातून वाचवले असेल.

देशाच्या दुसऱ्या भागांत दुसरी अक्षरे होती. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जे. बी. चॅटर्जी यांनी बंगालमधल्या हिमोग्लोबिन ‘ई’वर काम केले. पंजाबात ‘डी’ होते. सिंधी, पंजाबी, गुजराती लोहाणा कुटुंबांत थॅलसीमिया होता. ‘थॅलासा’ म्हणजे ग्रीक भाषेत समुद्र. भूमध्य समुद्राच्या काठचा आजार म्हणून अमेरिकन डॉक्टरांनी १९३२ मध्ये हे नाव दिले. फाळणीनंतर समुद्रमार्गे मुंबईत उतरलेल्या कित्येक सिंधी कुटुंबांसाठी ते अनाहूतपणे खरे ठरले.

आता चाचणी प्रयोगशाळेतून बाहेर, आश्रमशाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. तिथे विद्राव्यता चाचणी कामाला आली. नळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब घालायचे. त्यातल्या रसायनाने प्राणवायू काढून घेतला की ‘एस’ हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते. नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ‘एस’ नाही, दिसल्या नाहीत तर आहे. थॅलसीमियाच्या वाहकांसाठी ‘नेस्ट्रॉफ्ट’ नावाची अशीच एक चाचणी आहे. तिच्यात पातळ क्षारद्रावणात पेशी फुटतात की टिकतात ते पाहतात, आणि तिथेही नळीमागची रेघच वाचायची असते. वीज नाही, यंत्र नाही, अशा ठिकाणी या दोन नळ्यांनी किती माणसे तपासली असतील त्याला गणती नाही.

गढूळ नळी मात्र एवढेच सांगते की ‘एस’ आहे. माणूस एएस आहे की एसएस, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा आताची एचपीएलसी ही यंत्रावरची तपासणी करावीच लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या नेहमीच्या पट्टीवर पंजाबचे ‘डी’ आणि आपले ‘एस’ एकाच जागी येऊन थांबतात, म्हणून एका चाचणीचा निकाल दुसरीने पडताळून घ्यावा लागतो. पहिली चाचणी झाली आणि दुसरी झालीच नाही, तर त्या मधल्या अवस्थेत माणसे वर्षानुवर्षे राहतात. त्यांना फक्त ‘सिकल निघाला’ एवढे माहीत असते.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो आणि तो थेट लग्नाच्या मांडवात जातो. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात हे आधी घडले आहे. तिथे सगळ्यांची सिकलसेल तपासणी करून वाहकांना वाहकांशी लग्न न करण्याचा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी, १९७० च्या दशकात, अभ्यासक परत गेले तेव्हा त्यांना दिसले की वाहकांना कमी लेखले जात आहे आणि काहींनी सोयरीक जुळवताना ही गोष्ट लपवली आहे. अमेरिकेत त्याच दशकात अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट न सांगितल्याने निरोगी माणसांच्या नोकऱ्या आणि विमा अडचणीत आले. हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. सायप्रसने वेगळी वाट घेतली. थॅलसीमियासाठी तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. त्या दाखल्यावर इतकेच असे की तपासणी झाली आहे आणि सल्ला मिळाला आहे. लग्न करायचे की नाही, हे जोडप्याकडेच राहिले. बहुतेकांनी लग्ने केली, आणि थॅलसीमियाची नवी मुले जन्मणे जवळजवळ थांबले.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचे ठरलेले लग्न ‘एएस’ या दोन अक्षरांवरून मोडले. मुलाचे रक्त कुणी तपासलेच नव्हते. तो एए असता, तर त्या दोघांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. जास्तीत जास्त काही मुले माझ्यासारखी वाहक झाली असती. सुईण, सासू आणि सोयरे यांच्याकडे पूर्वी जो निवाडा होता, तो आता एका कागदाकडे गेला, आणि कागदही अर्धाच वाचला गेला. आपल्याकडे तपासणी बहुतेक वेळा गरोदर बाईपासून सुरू होते, कारण ती दवाखान्यात येते. ती वाहक निघाली तर नवऱ्याला बोलावणे जाते. तो येतो किंवा येत नाही. दोघांचा वाटा सारखा असतो हे नील यांनी १९४९ मध्ये सांगितले, तरी पहिली सुई अजून बाईच्याच दंडात जाते.

शेवटचा प्रश्न आणला डीएनएने. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यूएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी एका एन्झाइमने डीएनए कापून पाहिला. हे एन्झाइम कात्रीसारखे काम करते, पण ठरावीक अक्षरक्रम दिसला तरच कापते. सिकलसेलचे जनुक असलेल्या अनेकांत तुकडा नेहमीपेक्षा लांब आला. गर्भजलातल्या पेशींवरून गर्भाचे रक्त कसे असेल, हे गर्भाला सुई न लावता सांगता येऊ लागले. १९८२ च्या सुमारास अशी एन्झाइमे वापरात आली जी नेमक्या बदलाच्या जागीच कापतात. तिथे नेहमीची अक्षरे जीएजी अशी असतात, सिकलसेलमध्ये जीटीजी. एक अक्षर बदलले की कात्री चालत नाही. पण या कामाला बराच डीएनए, किरणोत्सारी द्रव्य आणि कित्येक दिवस लागत.

१९८५ मध्ये पीसीआर आला. कोविडच्या काळात हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. पण या तंत्राविषयीचा पहिला शोधनिबंध सिकलसेलच्या निदानावरचा होता, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. डीएनएचा हवा तेवढाच तुकडा लाखो पटींनी वाढवता येऊ लागला आणि आठवड्यांचे काम दिवसावर आले. थॅलसीमियात शेकडो वेगवेगळे बदल असतात, पण भारतात त्यांतले पाच-सहाच बहुतेक रुग्णांत सापडतात. त्यातला ६१९ अक्षरे गळालेला बदल सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत विशेष दिसतो. कुटुंब कुठले, हे विचारले की प्रयोगशाळेला कुठे पाहायचे याचा अंदाज येतो. मुंबईत परळला १९५७ मध्ये रक्तगटांच्या संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली, आणि पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था झालेली जागा या कामाचे देशातले एक मोठे ठिकाण आहे.

इथे आपल्या देशाचा कायदा एका विचित्र कड्यावर उभा आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिली आणि लिंग सांगायला बंदी केली. एकाच सुईतून आलेल्या त्याच पेशींत दोन्ही उत्तरे असतात. एक सांगायचे, दुसरे गिळायचे. मला ही बंदी योग्य वाटते. पण पहिले उत्तर सांगणेही सोपे नाही. घरात एक एसएस मूल आहे, त्याचे दुखणे आईने रात्र रात्र पाहिले आहे, आणि आता पोटातल्या दुसऱ्याचा कागद तिच्या हातात आहे. ती काय ठरवते हे तिचे तिला ठरवू द्यावे. पण ते ठरवताना घरातल्या थोरल्या मुलाच्या जगण्याविषयी आपण सगळे काय म्हणत आहोत, हे तो मुलगा ऐकत असतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. लोकांना त्यांच्या तपासणीचा निकाल लिहिलेली कार्डेही दिली जातात. ‘निर्मूलन’ या शब्दाशी मी अडखळतो. देवीचा रोग निर्मूल झाला, कारण विषाणूला माणसाबाहेर घर नव्हते. हे जनुक तर माणसांतच राहते, आणि माझ्यासारख्या वाहकांत ते काही न बिघडवता राहते. ते मुळासकट उपटायचे म्हटले, तर मूळ कोण, हे विचारावे लागेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या मुलाला तूर्त त्याचा उपयोग नाही. त्याच्या उपयोगाच्या गोष्टी जुन्या आणि स्वस्त आहेत. जन्मताच टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब, कारण पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते आणि तोवर आजार दिसत नाही. लहानपणी पेनिसिलिन आणि लसी. हायड्रॉक्सियुरियाची गोळी, जिने दुखण्याचे झटके कमी होतात हे १९९५ मध्येच सिद्ध झाले. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत आणले, त्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी घालाव्या लागणाऱ्या खेपा कमी करता आल्या, तर तेही.

एका शतकात आपण पेशीच्या आकारापासून डीएनएच्या एका अक्षरापर्यंत आलो. सात कोटी लोकांपैकी बहुतेकांच्या कार्डावर एए असेल, बऱ्याच जणांच्या एएस आणि काहींच्या एसएस. त्या काहींना रात्री हाडे ठणकत असताना आरोग्य केंद्रात गोळी मिळते का, आणि दुखते आहे या त्यांच्या शब्दावर तिथले माणूस विश्वास ठेवते का, हे कुठल्याही नळीत किंवा यंत्रात दिसत नाही. ते मोजायला कुणीतरी तिथे जाऊन, आयर्न्सने नोएलला विचारला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल : तुला काय झाले आहे?